जंतू गेल्यानंतरचं फुप्फुस

१९६७ साली दोन शोधनिबंध छापून आले. पहिला ‘लॅन्सेट’मध्ये. डेन्व्हरच्या अ‍ॅशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हाइन या चार डॉक्टरांनी १२ रुग्णांची हकीकत त्यात मांडली होती. कुणाला मोठी इजा झालेली, कुणाला विषाणूचा संसर्ग, एकाला स्वादुपिंडाची सूज. आजार निरनिराळे, पण थोड्याच काळात सगळ्यांची गत सारखी झाली. श्वास धापेवर गेला, ऑक्सिजन कितीही वाढवला तरी रक्तात उतरेना, फुप्फुस कडक झालं. या अवस्थेला आज आपण एआरडीएस म्हणतो, आणि कोविडनंतर हा शब्द घरोघरी पोचला आहे.

दुसरा निबंध ‘ब्रिटिश जर्नल ऑफ हिमॅटॉलॉजी’त आला, पीटर वुल्फ यांचा. रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढल्या तरी उरलेल्या प्लाझ्मात रक्त गोठवण्याची ताकद राहते, ती कुठून येते, हा त्यांचा प्रश्न. प्लाझ्मा प्रचंड वेगाने फिरवल्यावर तळाशी अतिसूक्ष्म कण बसले आणि ती ताकद त्या कणांतच सापडली. वुल्फनी त्यांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटलं.

एक निबंध फुप्फुसवाल्यांनी वाचला, दुसरा रक्तवाल्यांनी. ती धूळ आणि ते कडक झालेलं फुप्फुस यांचा एकमेकांशी संबंध आहे हे ध्यानात यायला सुमारे चार दशकं गेली. मी बडोद्यात आयसीयूत काम करते, आणि हा संबंध मला माझ्या कामातल्या सगळ्यात अवघड प्रश्नाच्या जवळ घेऊन जातो.

तो प्रश्न औषधाचा नाही, नातेवाइकांचा आहे. आमच्याकडे एआरडीएसचे रुग्ण ऋतूप्रमाणे येतात. पावसाळ्यात फाल्सिपेरम मलेरिया, लेप्टो, डेंगी. थंडीत फ्लू आणि न्यूमोनिया. वर्षभर अधूनमधून स्वादुपिंडवाले, बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत गेलेले, आणि कधी एखाद्या केमिकल कारखान्यात वायू छातीत गेलेला कामगार. सुरुवातीचे दिवस धावपळीचे असतात. नळी टाकणं, व्हेंटिलेटर, अँटिबायोटिक, रक्तदाबाची औषधं. मग ताप उतरतो, पांढऱ्या पेशींचा आकडा खाली येतो, कल्चरमध्ये काही उगवत नाही. रिपोर्ट चांगले येऊ लागतात आणि रुग्ण मात्र तिथेच राहतो. एक्स-रे पांढराच. ऑक्सिजन कमी करायला गेलं की सॅच्युरेशन घसरतं.

दांडिया बाजारातल्या एका काकूंनी मला हे अगदी नेमकं विचारलं होतं. चाळिशीतला मुलगा न्यूमोनियाने आत होता. मी त्यांना सांगितलं की इन्फेक्शन आटोक्यात आलंय. त्या म्हणाल्या, “डॉक्टरबाई, जंतू मेले म्हणता ना? मग आता त्याचं फुप्फुस कशाने आजारी आहे?”

“सूज आहे काकू, ती उतरायला वेळ लागतो,” असं मी म्हटलं. हे उत्तर खरंच आहे. पण त्यांचा प्रश्न त्याहून खोल होता. सूज कुणी चालू ठेवली आहे, असं त्या विचारत होत्या. त्यांना जे सविस्तर सांगायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

आधी ती जागा कशी आहे ते पाहू. माणसाच्या दोन फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. प्रत्येकाची भिंत इतकी पातळ की हवा आणि रक्त यांच्यामध्ये काही ठिकाणी एका मायक्रॉनच्याही निम्म्याहून कमी अंतर उरतं. ही भिंत पसरट, झिरझिरीत पेशींची असते. त्यांना टाइप-१ म्हणतात आणि सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच झाकलेला असतो. कोपऱ्यांत टाइप-२ पेशी बसतात. वायुकोश मिटू नयेत म्हणून लागणारा सर्फॅक्टंट त्या बनवतात, आणि भिंतीत भोक पडलं तर स्वतःचं रूप बदलून टाइप-१ होतात. वायुकोशाच्या आत राखणीला मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणारी पेशी, असतो. भिंतीपलीकडे रक्तवाहिनीचं अस्तर. वायुकोशात झिरपलेलं पाणी सतत उपसलं जात असतं: पेशी सोडियम आतून बाहेर ढकलतात आणि पाणी त्याच्या मागे जातं. एआरडीएसमध्ये भिंत गळू लागते आणि उपसाही मंदावतो. वायुकोश प्रथिनांनी दाट झालेल्या पाण्याने भरतात.

आता ती धूळ. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पटलात गुंडाळलेले बारीक थेंब बाहेर सोडत असते. शास्त्रीय मराठीत त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणता येईल. त्या दोन वाटांनी तयार होतात. काही पेशीच्या आतल्या कप्प्यात बनतात आणि तो कप्पा बाहेर उघडला की सुटतात. त्या एक्सोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. काही पेशीच्या पृष्ठभागावरूनच फुगवटा येऊन तुटतात. त्या मायक्रोव्हेसिकल, हजार नॅनोमीटरपर्यंतच्या. मरणाऱ्या पेशी त्याहून मोठे तुकडे सोडतात. तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते, त्यावरून आकाराची कल्पना यावी. आमच्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली यांतल्या बहुतेक दिसतच नाहीत.

बराच काळ हा पेशींचा कचरा मानला गेला, आणि तसं मानायला कारणही होतं. १९८३ साली दोन प्रयोगशाळांनी दाखवलं की कोवळी तांबडी पेशी पक्व होताना नको झालेले ट्रान्सफेरिन रिसेप्टर, म्हणजे लोह आत घेणारी प्रथिनं, अशाच पुटिकांत भरून बाहेर टाकते. मग १९९६ साली कळलं की बी-पेशींच्या पुटिका दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींना चेतवू शकतात. आणि २००७ साली स्वीडनमधल्या एका गटाने उंदराच्या मास्ट पेशींच्या (अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी) पुटिका माणसाच्या मास्ट पेशींना दिल्या, तेव्हा त्या मानवी पेशींत उंदराची प्रथिनं बनू लागली. पुटिकांतून आरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याचा निरोप, गेलं होतं आणि ते परक्या पेशीत कामाला लागलं होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रपाळी चालू होती, आणि तेवढा परिच्छेद मी पुन्हा वाचून काढला होता.

खंडेराव मार्केटात किराणावाला कागदाची पुडी बांधून देतो तेव्हा वरून साखर कुठली नि तुरटी कुठली हे सांगता येत नाही. पुटिकांचं तसंच आहे. बाहेरून सगळ्या सारख्या, आणि आत काय आहे हे पाठवणाऱ्या पेशीवर, ती त्या घडीला कुठल्या अवस्थेत आहे त्यावर अवलंबून. या एका गोष्टीभोवती पुढचं सगळं फिरतं.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या एका गटाने उंदरांच्या श्वासनलिकेत जिवाणूच्या कवचातलं एंडोटॉक्सिन सोडलं आणि वायुकोशातल्या द्रवाचा तासातासाला मागोवा घेतला. २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या तासातच द्रव मायक्रोव्हेसिकलनी भरला होता, आणि त्या आल्या होत्या राखणीच्या मॅक्रोफेजकडून. रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी यायच्याही आधी. त्यांच्यात टीएनएफ हे दाहक प्रथिन होतं, जिवंत आणि काम करणारं. त्या पुटिका वेगळ्या काढून निरोगी उंदरांच्या फुप्फुसात सोडल्या तर तिथेही सूज येऊन भिंत गळू लागली. एंडोटॉक्सिन सोडून सुरुवात केली होती, पण दुसऱ्या उंदरात आजार न्यायला पुटिका पुरल्या. काकूंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला या प्रयोगात दिसतं. सुरुवात करणारा निघून गेला तरी त्याने जागवलेल्या पेशींनी बाहेर सोडलेला माल फुप्फुसात फिरत राहतो.

मग न्यूट्रोफिल येतात. त्यांच्या जवळच्या इलास्टेज या विकरात (एन्झाइममध्ये) फुप्फुसाचे लवचीक धागे तोडायची क्षमता असते, म्हणून शरीराने त्यावर अल्फा-१ अँटिट्रिप्सिनचा पहारा ठेवला आहे. मोकळं इलास्टेज दिसलं की अँटिट्रिप्सिन त्याला धरतं. २०१९ साली ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या कामात दिसलं की चेतवलेल्या न्यूट्रोफिलच्या एक्सोसोमवर हेच इलास्टेज पृष्ठभागाला चिकटलेलं असतं आणि तिथे अँटिट्रिप्सिनचं काही चालत नाही. ते काम मुख्यत्वे सीओपीडीच्या, म्हणजे श्वसनमार्ग अरुंद करणाऱ्या दीर्घ आजाराच्या रुग्णांवरचं आहे, एआरडीएसवरचं नाही. दोन्ही आजार एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण पुटिकेवर बसल्याने एखादं विकर पहाऱ्यातून निसटू शकतं हे एकदा कळल्यावर न्यूट्रोफिलनी भरलेल्या वायुकोशाकडे मी पूर्वीसारखं पाहू शकत नाही.

वुल्फ यांच्या धुळीची भेट इथेच होते. २००९ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्टच्या संशोधकांनी एआरडीएसच्या रुग्णांच्या वायुकोशातलं पाणी तपासलं. शेजारी तुलनेला हृदय कमजोर पडल्याने वगैरे फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांचा द्रव होता. एआरडीएसच्या पाण्यातल्या सूक्ष्म कणांवर टिश्यू फॅक्टर, म्हणजे गोठण सुरू करणारं प्रथिन, भरपूर होता आणि ते कण जोरात गोठण घडवत होते. त्यातले पुष्कळसे वायुकोशाच्या भिंतीतल्या पेशींनीच सोडलेले होते. म्हणजे प्लेटलेटच्या कणांत १९६७ साली दिसलेली ताकद इथे भिंतीतल्या पेशींच्या कणांत होती, आणि तीही हवेच्या जागी. मृत रुग्णांच्या फुप्फुसात वायुकोशांना आतून लेपाटणारा जो गुलाबी पापुद्रा पॅथॉलॉजिस्टना दिसतो, त्यात फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे धागे) का असतं याचा एक धागा इथे आहे.

उत्तराचा दुसरा भाग मला जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यात आम्ही आहोत. बॉस्टनच्या एका गटाने उंदरांमध्ये तुलना केली. जिवाणूजन्य इजेत वायुकोशातल्या पुटिका प्रामुख्याने मॅक्रोफेजकडून येतात. जंतू नसलेल्या इजेत, म्हणजे आम्ल फुप्फुसात गेल्यावर किंवा फार जास्त ऑक्सिजन दिल्यावर, त्या मुख्यत्वे टाइप-१ पेशींकडून येतात, आणि त्याही मॅक्रोफेजना चेतवतात. आयसीयूतल्या रुग्णाला जास्त ऑक्सिजन आणि यंत्राचा दाब दोन्ही मिळत असतात. त्याशिवाय तो जगणार नाही. पण त्याच वेळी ताणलेल्या, ऑक्सिजनने भाजलेल्या भिंतीकडून नव्या पुटिका सुटत राहतात. जंतू मेले, पण उपचाराचीही फुप्फुसाला एक किंमत आहे.

म्हणून २००० सालचा तो मोठा अमेरिकी अभ्यास मला दरवेळी आठवतो. व्हेंटिलेटरने प्रत्येक श्वास १२ मिलिलिटर प्रतिकिलोऐवजी ६ दिला, एवढाच फरक. मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ वर आलं. औषध एकही नव्हतं. २०१३ साली फ्रान्स-स्पेनमधल्या अभ्यासात गंभीर रुग्णांना दिवसातले मोठे तास पालथं झोपवलं. २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर उतरले. या दोन्ही अभ्यासांनी पुटिका मोजल्या नव्हत्या. तरीही फुप्फुसाला कमी ताणणं म्हणजे भिंतीला नवं काही बोलायला न लावणं, असं मला ठामपणे वाटतं. ऑक्सिजनचा नॉब खाली आणण्याबद्दल मी रेसिडेंटच्या मागे लागते ते यासाठीच. सॅच्युरेशन ९२-९३ असताना ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून ऑक्सिजन चढता ठेवला की मला राहवत नाही.

एवढं वाचून कुणालाही वाटेल, मग या पुटिका रक्तातून आणि फुप्फुसातून गाळून टाका. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं असतं, पण २०१५ सालचं मिशिगनचं काम त्याआधीच वाचनात आलं. निरोगी फुप्फुसात तोच मॅक्रोफेज शेजारच्या भिंतीतल्या पेशींना पुटिकांतून एसओसीएस नावाची प्रथिनं पाठवत असतो. एसओसीएस-१ एक्सोसोममधून, एसओसीएस-३ मोठ्या पुटिकांतून. ही प्रथिनं दाहाचा संकेत पेशीच्या आत दाबून ठेवतात. म्हणजे आपण रोज श्वासाबरोबर धूळ, धूर, परागकण आत घेतो आणि तरी फुप्फुस शांत राहतं, त्यात या पुटिकांचा वाटा आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातल्या द्रवात हीच प्रथिनं कमी आढळली. मार्सेच्या डॉक्टरांनी तर एआरडीएसच्या रुग्णांत पाहिलं की ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचे सूक्ष्म कण जास्त होते त्यांची जगण्याची शक्यता जास्त होती. सरसकट गाळून टाकलं तर काय काय जाईल, याचा अंदाज यावरून येतो.

नव्वदच्या दशकात सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने शरीरभर उसळलेल्या गंभीर अवस्थेत, टीएनएफला अडवणारी प्रतिपिंडं देऊन पाहिली गेली. मोठ्या आशेने सुरू झालेल्या त्या चाचण्यांतून अपेक्षित फायदा निघाला नाही. त्याची कारणं अनेक सांगितली जातात. माझ्या मनात येतं की रक्तात मोकळं फिरणारं टीएनएफ पकडून उपयोग किती, जर वायुकोशात ते पुटिकेत गुंडाळून एका पेशीकडून दुसरीकडे जात असेल? हा माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

उपचाराच्या बाजूने सगळ्यात आशा वाटावी असं काम मेसेन्कायमल स्टेम सेलच्या (अस्थिमज्जा वगैरेतून मिळणाऱ्या मूळ पेशींच्या) पुटिकांवरचं आहे. आधी त्या पेशीच देऊन पाहिल्या जात होत्या; मग दिसलं की त्यांनी सोडलेला माल दिला तरी पुष्कळ काम होतं. २०१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने एंडोटॉक्सिनने इजा झालेल्या उंदरांना या पुटिका दिल्या आणि फुप्फुसातलं पाणी व सूज कमी झाली. पुटिकांमधला केजीएफ या वाढघटकाचा आरएनए आधीच बंद पाडला तर परिणाम घटला, म्हणजे आतल्या मालाने काम केलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी प्रत्यारोपणासाठी नाकारलेली मानवी फुप्फुसं प्रयोगशाळेत चालू ठेवून त्यांत या पुटिका सोडल्या, आणि पाणी उपसण्याची ताकद सुधारली. माणसाच्या फुप्फुसात, काचेच्या पेटीत का होईना. कोविडच्या काळात रुग्णांवरही चाचण्या सुरू झाल्या.

पण सुरू होणं आणि सिद्ध होणं यांत मोठं अंतर आहे, आणि त्या अंतरात आता दुकानं लागली आहेत. केसांसाठी एक्सोसोम, गुडघ्यांसाठी एक्सोसोम, आणि ‘फुप्फुसाच्या नवजीवनासाठी’ सुद्धा. एका परिचित कुटुंबात आजोबा फुप्फुसाच्या जुन्या आजाराने थकले होते. त्यांच्या नातवाने मला अशी जाहिरात पाठवून विचारलं, “मावशी, हे करून घेऊया का? पैशांचं आम्ही बघतो.” मी नाही म्हटलं आणि का ते समजावलं. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने लोकांना जाहीर इशारा दिला होता की कोणतंही एक्सोसोम उत्पादन मान्यताप्राप्त नाही आणि अशी उत्पादनं घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाले आहेत. पुटिका कुठल्या पेशीच्या, ती पेशी कशी वाढवली, आत काय आहे, एका कुपीतला माल दुसऱ्या कुपीसारखा आहे का, हे न सांगता विकलेली कुपी म्हणजे आत काय आहे ते ठाऊक नसताना शिरेत सोडलेला पदार्थ. हे संशोधन मला इतकं मोलाचं वाटतं की त्याच्या नावावर घाबरलेल्या घरांकडून पैसे उकळलेले मला सहन होत नाहीत.

आणि अजून एक गोष्ट खुपते. वर सांगितलेले जवळपास सगळे अभ्यास उंदरांवरचे किंवा अमेरिका-युरोपातल्या रुग्णांवरचे आहेत. आमच्या वॉर्डात येणारं फुप्फुस मलेरियाने, लेप्टोने, स्क्रब टायफसने जखमी झालेलं असतं. मलेरियात पुटिकांचं महत्त्व काय, याची चुणूक २००४ सालीच मिळाली होती. मलावीतल्या फाल्सिपेरम झालेल्या आणि कोमात गेलेल्या मुलांच्या रक्तात रक्तवाहिनीच्या अस्तराने सोडलेले सूक्ष्म कण वाढलेले सापडले होते. पुढे २०१३ साली दोन गटांनी दाखवलं की मलेरियाचा परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी पुटिका सोडतात आणि परजीवी त्यांतून एकमेकांना संकेत देतात. त्याच रुग्णाचं फुप्फुस जेव्हा पाण्याने भरतं तेव्हा वायुकोशात कुणाच्या पुटिका असतात? मॅक्रोफेजच्या, अस्तराच्या, की तांबड्या पेशींच्या? उत्तर वेगळं निघालं तर उपचारही वेगळा लागेल.

यासाठी लागणारा द्रव आमच्याकडे रोज असतो. नळीतून सक्शन करून काढलेला आणि डब्यात टाकून दिलेला. बडोद्यातले आम्ही काही आयसीयूवाले आणि बायोकेमिस्ट्रीतले काही जण यावर बसून बोलतो आहोत. अडचणी साध्या पण खऱ्या आहेत. द्रव काढल्यावर लवकरात लवकर फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर नळीतच मरणाऱ्या पेशी नव्या पुटिका सोडतात आणि सगळं मोजमाप बिघडतं. रक्त कसं ओढलं, नळी किती हलली, याने प्लेटलेटचे कण वाढतात. उणे ८० अंशांचा फ्रीजर लागतो आणि तो पावसाळ्यात वीज गेल्यावरही चालू राहिला पाहिजे. पुटिकांच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या २०१४, २०१८ आणि २०२३ अशा आवृत्त्या निघाल्या आहेत. ते पाळले नाहीत तर आमचे आकडे कुणी मानणार नाही, आणि मानूही नयेत.

संमतीपत्राचा मसुदा गुजराती आणि मराठी दोन्हींत करतो आहोत. त्याची सुरुवात कशी असावी यावर अजून वाद आहे. मी सुचवलेली अशी: तुमच्या माणसाच्या फुप्फुसातून जे पाणी आम्ही एरवीही काढून टाकतो, त्यातलं थोडं तपासायला ठेवू का? त्यासाठी वेगळी सुई किंवा नळी घालावी लागणार नाही, नाही म्हटलंत तरी उपचारात काही फरक पडणार नाही, आणि यातून आज तुमच्या माणसाला फायदा होईल असं आम्ही सांगू शकत नाही. माझ्या सहकाऱ्यांना शेवटचा भाग फार कठोर वाटतो. तो सुरुवातीलाच यावा यावर मी अडून बसले आहे.